जखम भरल्यानंतरचे काय?

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला मधुमेहींच्या पायांवरचा लेख वाचला. साखर आटोक्यात ठेवा, पाय रोज बघा, जखम झाली तर अंगावर काढू नका, हे सगळे बरोबर आहे. पण जखम भरली की लेख संपतो. आमचे हाल तिथूनच सुरू झाले.

यजमानांच्या उजव्या अंगठ्याखाली, चवड्यावर जखम होती. चार महिने ड्रेसिंग केले. भरली त्या दिवशी मी पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, "आता काही नाही, साखर सांभाळा." चपलेबद्दल अवाक्षर नाही. हे पुन्हा त्याच झिजलेल्या स्लिपरवर दुकानात उभे राहू लागले. पाय बधिर, त्यामुळे दुखणार कुठून? जुन्या जागी घट्टा धरला, तर मला वाटले कातडी घट्ट होते आहे, बरेच झाले. त्या घट्ट्याखालीच रक्त साकळत होते. आठव्या महिन्यात जागा फुटली आणि या खेपेला अंगठा काढावा लागला.

भरलेली जखम वर्षाच्या आत सुमारे ४० टक्के लोकांना पुन्हा होते, ५ वर्षांत सुमारे ६५ टक्के लोकांना, हे आम्हाला अंगठा गेल्यावर दुसऱ्या दवाखान्यात कळले. तिथे पायाचे माप घेऊन मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची) चप्पल करून दिली. घरातही अनवाणी फिरायचे नाही. घट्टा दर एक-दोन महिन्यांनी तिथेच तासून घ्यायचा, घरी ब्लेड लावायचे नाही. करोनात घेतलेल्या थर्मामीटरने मी आता रोज दोन्ही तळपाय मोजते. एकाच जागी दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस दिसला, की चालणे कमी आणि दवाखान्यात फोन. हे सांगायला पाच मिनिटे लागतात. चार महिने एक दिवसाआड ड्रेसिंगला जात होतो, तेव्हा कुणाकडे ती नव्हती. कृपया लेखाचा पुढचा भाग छापा आणि त्यात त्या चपलेचा फोटो द्या.

आणखी एक. त्याच पानावर खाली 'कितीही जुनी जखम मुळापासून बरी' करणाऱ्या तेलाची जाहिरात आहे. असलेच तेल दुसऱ्या वेळी शेजाऱ्यांनी आणून दिले होते. आम्ही दहा दिवस ते लावत बसलो. दवाखान्यात गेलो तेव्हा पू हाडापर्यंत पोहोचला होता.

– एक वाचक, सातारा