आईबाप काय वाचतात, तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने मुलांना वाचनाची गोडी कशी लावावी, यावर आपल्या अंकात बरंच छापून आलं. शाळांचे कार्यक्रम, ग्रंथदिंडीचे फोटो, शिक्षकांची मनोगतं. सगळं वाचून काढलं. एक प्रश्न मात्र कुठेच सापडला नाही, म्हणून हे पत्र. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत ते आईबाप स्वतःच्या आनंदासाठी काय वाचतात? त्यांना वाचायला मिळावं यासाठी कोणी काही करतं का?

मी नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर काम करतो, राहतो सिडकोत. मुलगी सीनिअर केजीत आहे, मुलगा अडीच वर्षांचा. बायको सकाळी कामाला जाते. माझी सेकंड शिफ्ट असली की दुपारपर्यंत दोघंही माझ्या ताब्यात, मग माझी आई सांभाळते. वाचायला वेळ मिळतो तो त्या सकाळीच. धाकटा स्वयंपाकघरातले डबे काढून त्यांची झाकणं अदलाबदल करत बसतो, थोरली चित्र काढते, तेवढ्यात एखादं पान. मग कोणीतरी पडतं, कोणाला तरी शी लागते, दूध उतू जातं. पुस्तक पालथं घालून उठायचं आणि परत येऊन तीच ओळ शोधायची.

गेले काही महिने मी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचतोय. शाळेत त्यातला धडा होता, तेवढीच ओळख. लहान मुलं असलेल्या माणसाला हे पुस्तक इतकं सोयीचं पडेल असं वाटलं नव्हतं. प्रसंग छोटे, भाषा समोर बसून बोलल्यासारखी. मध्येच सोडलं तरी धागा सुटत नाही. शिवाय ते आमच्या नाशिकचं. लक्ष्मीबाई जन्मल्या 1868 मध्ये, त्यांचं माहेर गोखल्यांचं, इथल्याच जलालपूरचं. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं, घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालायची नाही. हा भाग मी थोरलीला माझ्या शब्दांत सांगितला. तिला ते आजोबा फार आवडले. दुसऱ्या दिवशी तिने भातुकलीची सगळी भांडी, लाकडी बैल आणि भावाची चप्पल मोरीत नेऊन धुतली. धाकट्याने चप्पल परत मिळवण्यासाठी घर डोक्यावर घेतलं. मग तिचा प्रश्न, ‘त्या आजोबांच्या घरातली मुलं रडायची का?’ मी पान उलटून मागे गेलो आणि पुन्हा वाचलं. लक्ष्मीबाई ते हसत हसत सांगतात, पण त्या वेडाचा जाच सगळ्या घराने सोसलेला आहे. पहिल्या वाचनात मी नुसता हसलो होतो. मुलीने विचारलं नसतं तर त्यातली पोरं मला दिसली नसती.

धाकट्याचं वेगळं. त्याला गोष्ट नको असते, आवाज हवा असतो. दुपारची झोप आली की तो मांडीवर येऊन पडतो आणि मी जे वाचत असेन तेच मोठ्याने वाचतो. 1895 मध्ये लक्ष्मीबाईंचे पती नारायणराव टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर लहान मुलाला, दत्तूला, घेऊन नवऱ्यापासून लांब काढलेल्या वर्षांचा भाग मी असाच वाचला. पोरगं निवांत झोपलं होतं, माझ्या घशातून मात्र शब्द फुटेना. पोराला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढणाऱ्या त्या बाईचं सगळं, झोपलेलं मूल अंगावर असताना वाचणं आणि लग्नाआधी वसतिगृहाच्या खोलीत वाचणं, यात फार फरक आहे. म्हणून मला वाटतं, मूल लहान असतानाची वर्षं वाचनातून वजा करू नयेत. ती वर्षं पुस्तकातलं पुष्कळ काही उघडून दाखवतात.

लक्ष्मीबाईंना शाळा मिळाली नव्हती, अक्षरं त्या लग्नानंतर शिकल्या. माझी मुलगी सध्या अक्षरांच्याच टप्प्यावर आहे. पुस्तकाच्या पानावर ती ‘ल’ शोधते आणि सापडला की बोट ठेवून धरते, मला पान उलटू देत नाही. कधी पुस्तक हातात घेऊन स्वतःच ‘वाचते’. तिच्या वाचनात एक बाई आहे, एक शेळी आहे आणि ती शेळी बसने मुंबईला जाते. मी तिला हे असं नाही म्हणून कधी सांगत नाही. ती पानं उलटते ती माझ्याच चालीने, अंगठा खालच्या कोपऱ्याला लावून. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. ‘स्मृतिचित्रे’ 1934 ते 1936 या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि 1936 मध्येच लक्ष्मीबाई गेल्या. नारायणरावांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचं महाकाव्य सुरू केलं होतं. 1919 मध्ये ते वारले तेव्हा त्याचे थोडेच अध्याय झाले होते. उशिरा अक्षर शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याला 64 अध्यायांची भर घातली आणि अखेरचा अध्याय त्यांच्या मुलाने, म्हणजे पुस्तकातल्या त्या दत्तूने, देवदत्त टिळकांनी लिहिला. त्या घरात मुलांसाठी वाचनाचा वेगळा तास कोणी ठरवला असेल असं मला वाटत नाही. आई लिहिताना दिसत होती, बाप लिहिताना दिसत होता.

आता मुख्य मागणीकडे येतो. आमच्या भागात एक वाचनालय आहे, त्याचं नाव लिहीत नाही. ते फक्त संध्याकाळी उघडतं. तेव्हा मी मशीनवर असतो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात जाता येतं, पण दोन्ही मुलं बरोबर असतात आणि दारात ‘लहान मुलांना आत आणू नये’ असा फलक आहे. तिथल्या बाई भल्या आहेत, मला पुस्तक दारात आणून देतात. पण मग मी यादी सांगायची आणि त्यांनी शोधायचं. कपाटासमोर उभं राहून चाळत चाळत पुस्तक निवडायचं सुख त्यात नाही. मुलांची पुस्तकं कुलूपबंद कपाटात आहेत, कारण मुलं फाडतात. फाडतात हे खरंच आहे. आमच्या घरीही दोन फाटली, ती मैद्याच्या खळीने चिकटवून आम्ही अजून वाचतो.

ज्या शहरात 1840 पासून सार्वजनिक वाचनालय चालू आहे, ज्या शहराच्या तुरुंगात 1933 मध्ये साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढली, त्या शहरात शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बापाला दोन पोरं घेऊन पुस्तक निवडता यायला हवं. त्यासाठी इमारत लागत नाही. आठवड्यातून दोनदा सकाळी दहा ते बारा वाचनालय उघडावं. एका कोपऱ्यात सतरंजी, मुलांचा हात पोचेल अशी एक फळी, तिच्यावर फाटली तरी चालतील अशी पुस्तकं. त्या दोन तासांत आवाज झाला तरी कोणी ओरडू नये. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 सालापासून आहे, शासनमान्य वाचनालयांना अनुदानही मिळतं. ते तुटपुंजं आहे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचे पगार किती कमी असतात हे मला माहीत आहे. जास्तीच्या तासांचा बोजा त्यांच्यावर टाकावा असं मी म्हणत नाही. त्या वेळी मोबदला न घेता बसायला आमच्यासारखे पालक मिळतील.

आपल्यालाही एक विनंती. रविवारच्या पुरवणीत मुलांचं पान असतं, ते आम्ही कापून ठेवतो. त्याच पानावर एक चौकट लहान मुलांच्या आईबापांना द्या. कोणी रिक्षा चालवतं, कोणी नर्स आहे, कोणी घरीच आहे. त्यांनी सध्या काय वाचलं, कधी वाचलं, मुलं मध्ये काय म्हणाली, एवढंच लिहावं. मला ते वाचायला आवडेल. पुढचं पुस्तक कोणतं आणावं हेही त्यातून कळेल, कारण घरात अडीच वर्षांचं पोर असताना कोणतं पुस्तक टिकतं हे समीक्षकाला सांगता येत नाही.

जाता जाता, ज्यांना वाचनालय लांब पडतं त्यांच्यासाठी: बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. थर्ड शिफ्टवरून आल्यावर डोळे चुरचुरतात म्हणून मी कागदच पसंत करतो, पण त्यातली जुनी चित्रं मुलीला फोनवर दाखवली तेव्हा तिने दोनदा परत मागितली.

आमच्या खात्यातल्या तिघांशी बोललो आहे. सतरंजी आणि फळी आम्ही देतो. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी बसायला मी स्वतः तयार आहे, मुलं घेऊनच येईन. कोणत्याही वाचनालयाने आपल्या कार्यालयाकडे चौकशी केली तर माझा पत्ता त्यांना जरूर द्यावा.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक