आण्णांच्या माडीवरचा डबा

कोल्हापूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय पक्या,

आण्णांच्या माडीवरच्या जुन्या कॉम्प्युटरचा विषय फोनवर तू दोन वाक्यांत मिटवलास. "तो डबा भंगारात घाल, सईला नवीन घेऊन दे, पैसे मी टाकतो." तुझे बरेच पैसे वाचवलेत, त्यामुळं आता हे सगळं वाचायची शिक्षा भोग.

नवीन का नाही घेतला ते आधी सांगतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार असा काही उचललाय की रॅमचा भाव सांगताना दुकानदारालाच अवघडल्यासारखं होतं. नवीन प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, म्हटला की तो बसवायचा नवा बोर्ड आला, नव्या जातीची रॅम आली, सगळंच आलं. आणि पोरीला हवंय काय, तर ब्लेंडर, थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर. अजून शिकतीय. पुढं हेच करायचंय का, ते तिचं तिलाही ठाऊक नाही. अशात महागाचं मशीन घरात आणलं की वर्षभर "एवढं घेऊन दिलं, काय दिवे लावलेस?" हे ऐकत बसायचं. वहिनींना आपण दोघंही ओळखतो.

तर मंगळवार पेठेत माडीवर गेलो. तुझा डबा देवघराला खेटून ठेवलाय, माहीत आहे का तुला? बाजूचं झाकण काढलं तर धूळ कमी आणि धुपाची काजळी जास्त. पंख्याच्या पात्यांवर काळपट चिकट थर, बोट फिरवलं तर बोटाला चक्क धुपाचा वास. एसएमपीएसच्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, जाळीमागं पालीची अंडी, फुटलेली, रिकामी. म्हणजे एक पिढी इथं लहानाची मोठी होऊन गेली. ब्रश आणि ब्लोअरनं निम्मं निघालं, बाकी अल्कोहोल लावून पुसून काढलं.

खाली बोर्ड दिसला: एच८१ चिपसेट, ११५० सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा), त्यात कोअर आय-३ ४१३० प्रोसेसर. २०१३ चा माल. एवढं कळलं की निम्मा निकाल लागतो. जुन्या मशीनमध्ये काय घालायचं हे आपली हौस ठरवत नाही, बोर्ड ठरवतो. यावर इंटेलची चौथी पिढी बसते. आठवी नाहीतर बाराव्या पिढीचा प्रोसेसर फुकट मिळाला तरी तुझ्या घरी तो शोभेलाच ठेवायचा. मग उरले दोन, आय-७ ४७७० आणि वर्षभरानं आलेला ४७९०. दुकानदार ४७९० गळ्यात मारत होता. तो थोडा वेगवान आहे, खोटं नाही. पण तुझ्या बोर्डाचं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डातलाच प्रोग्राम, २०१३ चं. ४७९० ओळखायला ते आधी अपडेट करायचं, आणि अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड गेलाच म्हणून समज. घरातला यूपीएस कधीच वारलाय. पाव गिगाहर्ट्झ पण फरक नाही दोघांत, त्यासाठी कोण जुगार खेळणार? ४७७० उचलला.

मूळ वेग बघशील तर आय-३ चा ३.४ गिगाहर्ट्झ आणि या आय-७ चाही ३.४ च. फरक असा की आय-३ मध्ये दोन कोर (काम करणारे हात), चार थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). यात चार कोर, आठ थ्रेड, आणि गरज पडली की हा ३.९ पर्यंत चढतो. म्हणून आण्णांच्या तालमीच्या वर्गणीच्या हिशोबाला या बदलाचं काही कौतुक नाही. रेंडरला, म्हणजे ब्लेंडरमधनं पक्कं चित्र काढून घ्यायला, आहे.

जुना प्रोसेसर घेताना मी फारसा विचार केला नाही. कंपन्यांतून निघालेल्या मशीनचे असतात, राजारामपुरीत मिळतात, आणि प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतो बोर्ड, मरतो एसएमपीएस. जपायचं असतं ते सॉकेटला, कारण इंटेलच्या या जातीत पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डावर असतात. केसाएवढ्या, एक वाकली की संपलं. प्रोसेसरवरचा जुना हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) उपटला तर मधल्या पेस्टची पार खपली झालेली. ती पुसली, कोपऱ्यातला त्रिकोण जुळवला, प्रोसेसर अलगद सोडला आणि लिव्हर खाली दाबला. दाबताना जो करकर आवाज येतो ना, तो कितीही वेळा ऐकला तरी पोटात गोळा येतो. आण्णा पाठीमागनं, "मोडलं काय रे?" म्हटलं, नाही आण्णा, असंच वाजतं. आय-३ चा तो बारका ॲल्युमिनियमचा पंखा परत लावला नाही. आय-३ ५४ वॅटचा, हा ८४ चा. तांब्याचा गाभा असलेला कूलर त्याच दुकानातनं आणला.

खरा वाद झाला एसएमपीएसवरून. आण्णांचं एकच, "चालतंय की! चालतंय ते कशाला बदलायचं?" त्यांना लेबल वाचून दाखवलं. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट, खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टला १४ अँपिअर. बारा गुणिले चौदा, १६८ वॅट. प्रोसेसर आणि आता घालायचं ग्राफिक्स कार्ड, दोघांचंही पोट याच १२ व्होल्टवर भरतं. प्रोसेसरला ८४, कार्डाला ७५, झाले १५९. पंखे, डिस्क अजून धरलेच नाहीत, आणि ते १६८ सुद्धा डबा नवीन होता तेव्हाचे. "जाळ अन् धूर संगटच" हे तालमीच्या बॅनरवर ठीक आहे, देवघराशेजारी नको. आण्णा गप्प झाले. वीज कमी वाया घालवण्याच्या ८० प्लस ब्रॉन्झ शिक्क्याचा नवाकोरा घेतला, वॉरंटीसकट. या सगळ्यात नवीन वस्तू घ्यायचीच असा हट्ट मी तिथंच धरला, आणि पुढच्या मशीनलाही तो चालेल.

आता तुझ्या त्या कार्डाचं. ऑफिसातला पोरगा आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात देतोय म्हणून तू हरखून गेला होतास, आणि मी नको म्हटल्यावर फुगलास. कारण ऐक. ते कार्ड बोर्डावरच्या स्लॉटच्या सोळा लेनपैकी (डेटा जायच्या वाटांपैकी) फक्त चार वापरतं. पीसीआय एक्स्प्रेस (ही या स्लॉटची जात) ४.० च्या बोर्डावर चार लेन म्हणजे सेकंदाला साधारण ८ जीबीची वाट, तिथं भागतं. एच८१ वर स्लॉट २.० चा. त्याच चार लेनमधून जेमतेम २ जीबी. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली की सगळा माल त्याच बोळातून ये-जा करणार आणि गाडी अडकणार. शिवाय ते १०७ वॅटचं आणि त्यात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ बनवून साठवताना लागणारा भाग) नाही. फुकट मिळालं असतं तरी इथं घातलं नसतं.

त्यापेक्षा जीटीएक्स १६५०. २०१९ चं कार्ड, तेही ४ जीबीचंच, पण सोळाच्या सोळा लेन वापरतं, ७५ वॅटमध्ये भागतं, आणि पुष्कळ मॉडेलांना वेगळी पॉवरची वायरही लागत नाही. १०५० टीआय अजून स्वस्त मिळत होतं. ते सोडलं, कारण त्या पिढीला एनव्हिडिया या कार्डांच्या कंपनीनं ऑक्टोबर २०२५ पासून नवीन गेमांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं बंद केलंय, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते. १६५० ची पिढी त्याच्या पुढची, अजून यादीत आहे.

कार्ड मात्र दुकानातच मशीनला लावून बघितलं. बाजारात नकली कार्डं फिरतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्डाचं बायोस बदलतात आणि वर नवीन स्टिकर डकवतात, विंडोजही फसतं. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर असली चोरी पकडतं. मी पेनड्राइव्ह काढल्यावर दुकानदाराचा चेहरा जरा पडला, पण कार्ड खरं निघालं. मग त्यानंच चहा मागवला.

रॅमचं थोडक्यात: डीडीआर ३ जातीच्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या. बोर्ड याहून जास्त घेतच नाही. नवीन एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, टाकली. खरं सांगू, घरातल्यांना "लई फास्ट झालं" असं जे वाटतंय ते निम्म्याहून जास्त एसएसडीमुळं. तुझा मॉनिटर जुन्या व्हीजीए जोडणीचा आणि नव्या कार्डाला व्हीजीए नाहीच, म्हणून मधे एक कन्व्हर्टर लावलाय. वहिनींना बजावून ठेव, फरशी पुसताना वायर निघाली तर ती परत बोर्डाला लावायची नाही, खाली कार्डाला लावायची. नाहीतर कार्ड नुसतं बसून राहील आणि सई मला फोन करेल.

विंडोज ११ चा प्रश्नच नाही, त्याला आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर लागतात. विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, ब्लेंडर त्यावर झकास चालतं. पण आण्णांच्या फायली जुन्या मराठी फॉन्टमधल्या, युनिकोडच्या आधीच्या. मिंटमध्ये उघडल्या तर वर्गणीदारांच्या नावांच्या जागी नुसती किडामुंगी. मग जुनी हार्डडिस्क विंडोजसकट तशीच ठेवली. आण्णांना त्यातनं सुरू करायला शिकवलंय. नेट तिकडं बंद. सावकाश चालतं, पण आण्णांना कुठं गाडी पकडायचीय?

सईनं पहिलं काय केलं असेल? ब्लेंडर शिकणारं प्रत्येक पोरगं जे करतं तेच, डोनट. आधी एक चित्र रेंडर व्हायला लावून ती जेवायला जायची. आता कार्डावर तेच बघता बघता होतं. आण्णा चष्मा लावून बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मेदुवडा बरा काढलाय, पण वर गुलाबी काय ओतलंय?"

मोठा सीन उघडला की ४ जीबी पुरणार नाहीत, हे तिला सांगून ठेवलंय. तेव्हा यात अजून एक रुपयाही घालायचा नाही, थेट नवीन घ्यायचं. तुझ्या डोक्यात येईल, मग आत्ताच आठव्या पिढीचं जुनं ऑफिसचं मशीन का नाही आणलं? बघितली होती दोन-तीन. सगळे बारके डबे, एसएमपीएस त्यांच्याच मापाचा, कार्ड अर्ध्या उंचीचंच बसणार. म्हणजे परत तोच खेळ, दुसऱ्या बोर्डाबरोबर.

सगळं मिळून वीस हजारांच्या आत बसलं. बिलं आण्णांकडं आहेत, पैसे मी दिलेत. आण्णा द्यायला निघाले होते, मी घेतले नाहीत. तू माझ्या खात्यावर टाक, त्यांना कळू देऊ नकोस. आणि एक चांगला यूपीएस तेवढा पाठव, तो तुझ्या नावानं येऊ दे. सईला बरं वाटेल.

तुझा,
बंड्या

ता. क. जुना आय-३ आणि पंखा दुकानदार चिल्लर देऊन मागत होता, दिला नाही. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या मशीनला हाच सॉकेट आहे आणि तिथला प्रोसेसर याहून रडका. पुढच्या रविवारी तो बसवतोय, तुझी हरकत नाही असं धरून चाललोय.