नलूस, यांच्या पायाबद्दल

इचलकरंजी

प्रिय नलू,

हे फोनवर बोलण्यासारखं नाही. आमचं घर केवढं आणि यांचे कान केवढे, तुला ठाऊक आहे. माझी तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू. झालं.

यांचा पाय गं. उजवा, घोट्याच्या वर, आतल्या अंगाला. आबांचंही तिथंच होतं ना? आधी कातडी तपकिरी-काळी पडली, मग टणक झाली, मग खाज. पावसाळ्यात खाजवून खाजवून खपली निघाली ती निघालीच. भरत नाही. कडेनं जरा कातडी येते असं वाटतं आणि परत लस गळायला लागते.

इथं सगळ्यांनी आधी साखर तपासायला लावली. साखर नाही. मग एका डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे कोर्स लावले, एक संपला की दुसरा. वर रोज ते फेस येणारं औषध ओतायचं. शेजारणीनं हळद भरली. धाकट्या जावेनं नजर काढली, मिरच्या चांगल्या होत्या, वाया गेल्या. आणि हे मात्र पाळीला हजर. खाडा नाही. बारा तास मागापुढं उभे.

शेवटी मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जखम नंतर बघितली. आधी यांना उभं केलं आणि पोटरीवरच्या गाठाळ शिरा चाचपल्या. म्हणाल्या, रोग जखमेत नाही, शिरेत आहे. वरच्या टाकीत पाणी चढवायची मोटर असते ना, तशी पोटरी रक्त वर ढकलते. पण शिरेतले व्हॉल्व्ह गळके झाले, की चढवलेलं सगळं परत घोट्यापाशी येऊन साचतं. मग तिथली कातडी उपाशी मरते. चाललं तर मोटर चालते, नुसतं उभं राहिलं तर बंद. तीस वर्षं मागावर उभं राहून दुसरं काय होणार?

औषध म्हणजे पट्टी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, थरावर थर, घोट्याशी सगळ्यात घट्ट. पण ती बांधण्याआधी त्यांनी दंडाचं आणि घोट्याचं असं दोन्हीकडचं बीपी मोजलं. घोट्याचा आकडा दंडाच्या ०.८ पटीपेक्षा कमी आला, तर पायाकडे जाणारं रक्तच अडलेलं असू शकतं, आणि अशा पायाला घट्ट पट्टी घातक. यांचा १ च्या वर आला. आबांचं असं कुणी मोजलं होतं का गं? मला तर वाटतं त्या काळी सगळ्यांना एकच मलम आणि एकच उपदेश. अँटिबायोटिक बंद केलं. लाली पसरली, ताप आला, ठणका वाढला तरच. फेसाचं औषधही बंद, ते नव्या कातडीलाच जाळतं म्हणे. पाय कोमट नळाच्या पाण्यानं धुवायचा, बस्स.

आता खरी गोष्ट. हे पट्टी ठेवत नाहीत. पहिल्या दिवशी दुकानातलं भिंग आणून पट्टीचे धागे मोजले आणि जाहीर केलं, "कापडात दम नाही." मी म्हटलं, तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून नाही बोलावलं, पेशंट म्हणून बोलावलंय. दिवसभर कशीबशी असते. रात्री मला झोप लागली की सोडतात, सकाळी पाय परत भोपळा. डॉक्टरीणबाई पाय छातीपेक्षा उंच ठेवायला सांगतात, म्हणून पलंगाच्या पायथ्याखाली विटा घातल्या, तर म्हणतात, डोक्यात रक्त उतरतंय. हट्ट तुझ्या जातीचा. बेळगावच्या सहलीतला कुंदा सुमीनं संपवला हे तू तरी अजून कुठं मानतेस?

पण हसण्यावारी नेलं तरी मला कळतंय. वास येतो, नलू. त्यांनाही येतो. चहाच्या टपरीवर जायचे बंद झाले. भाचीच्या साखरपुड्याला "पाळी आहे" म्हणाले, पाळी नव्हती. बाहेरच्या खोलीत झोपतात, उकडतंय म्हणून. थंडीत?

शीर लेसरनं बंद करता येते. बाईंनी सांगितलं, ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर पाहिलं होतं, २०१८ साली छापून आलं. शीर लवकर बंद केलेल्यांतल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, आधी पट्टी आणि शीर नंतर बघू म्हणून ठेवलेल्यांना ८२ दिवस लागले. मला करून घ्यावं वाटतं. हे म्हणतात, पट्टीच बास. जी ते घालत नाहीत! आणि भरली तरी सुटका नाही, घट्ट मोजे कायमचे घालायचे, नाहीतर जखम परत उघडते. हे अजून मी त्यांना सांगितलेलं नाही.

तुझ्या जावयाची बदली झाली का? फ्लॅटची किल्ली मिळाली असेल. वास्तुशांतीला येईन, आंब्याचं पानसुद्धा न आणता.

बघ, आबा तुझ्यापेक्षा दहापट तिरसट होते, आणि तरी शेवटची दोन वर्षं पट्टी पायावर असायची. मला आठवतंय, तू धुऊन गॅलरीत वाळत घालायचीस, आणि आबा अंगणात सगळ्यांत बसायचे. त्यांना तू काय म्हणालीस, वासाचं तोंडावर बोललीस की नाही, ते नीट लिही. "कसंतरी जमवलं" असं लिहून मोकळी होऊ नकोस.

तुझी,
मंदा