काका, आता २६ सेकंद लागतात

काका,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हे मला आता ठाऊक झालंय. त्या रविवारी दारात उभी राहून मी चार शब्द जुळवत होते, तर तुम्ही "पंख्यावरची धूळ अधूनमधून बघत जा" एवढंच म्हणालात आणि जिना चढून गेलातसुद्धा. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. लिहिताना तुम्ही मला थांबवू शकत नाही, हा एक फायदा. शिवाय रेंगाळणाऱ्या कॉम्प्युटरपुढे हताश बसलेली मी काही एकटीच नसणार. बाकीच्यांनाही तुमची पद्धत कळू दे.

माझ्या कॉम्प्युटरची तेव्हाची अवस्था तुम्ही पाहिलीच आहे. बटण दाबायचं आणि उठून जायचं. बादलीभर कपडे वाळत घालून परत यावं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतंच आहे. बरं, डेस्कटॉप दिसला म्हणजे काम सुरू झालं असंही नाही. फाइलवर टिचकी मारली की काहीच व्हायचं नाही, म्हणून परत मारायची, मग चिडून तिसऱ्यांदा. आणि पाच मिनिटांनी तीच फाइल तीनदा उघडायची. घरी बसून मुद्रितं तपासण्याचं माझं काम. प्रकाशकाचा फोन आला की "उघडतेय, उघडतेय" म्हणत मी त्यांना हवापाण्याच्या गप्पांत गुंतवून ठेवायचे.

उपाय केले नव्हते असं नाही. 'एका क्लिकमध्ये वेग दुप्पट' असा दावा करणारा एक फुकट प्रोग्राम मी उतरवून घेतला होता. त्याने दोन मिनिटं घरघर करून रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या सेटिंगच्या नोंदी ठेवतं ती वही) १,४०० चुका सापडल्याचं लाल अक्षरांत सांगितलं आणि त्या दुरुस्त करायला पैसे मागितले. मी घाबरून भरलेसुद्धा! तुम्हाला हे सांगताना मान खाली गेली होती माझी. तुम्ही हसला नाहीत. फक्त म्हणालात, "रजिस्ट्रीत हजारो नोंदी असतात, त्यातल्या चार निकामी असल्या तरी मशीन त्याने अडत नाही." असल्या रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रामना मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही, हेही तेव्हाच कळलं. पण पैसे गेले ते गेलेच.

तुमची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही आल्या आल्या कशालाही हात लावला नाहीत. बाकी जो येई तो खुर्चीत बसून माउस खडखडवायला लागे. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलंत, एक पाठकोरा कागद मागितलात आणि म्हणालात, "आधी मोजू. मोजल्याशिवाय सुधारलं की नाही ते कळणार कसं?" कारखान्यात उभा जन्म मेंटेनन्सला काढलेल्या माणसाचं बोलणं. कागदावर दोन रकाने केलेत: बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत, आणि बटण दाबल्यापासून माझी फाइल खरोखर उघडून कर्सर हलेपर्यंत. पहिला आकडा २ मिनिटं १० सेकंद. दुसरा ६ मिनिटं ४० सेकंद. तो दुसरा आकडा मी त्याआधी कधी मोजलाच नव्हता, नुसती वैतागत होते.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे आत कोण किती काम करतंय ते दाखवणारी खिडकी, उघडायला लावलात. परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूच्या, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या प्रोसेसरच्या, खाली 'अप टाइम' लिहिलेला असतो: कोऱ्या सुरुवातीपासून किती वेळ झाला तो. तिथे २३ दिवस असा आकडा होता. मी म्हटलं, अहो, मी रोज रात्री न चुकता बंद करते! त्यावर तुम्ही जे सांगितलंत ते आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे. 'शट डाउन' केलं की आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा तसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. पूर्ण कोरी सुरुवात हवी असेल तर 'रीस्टार्ट'च करावं लागतं. म्हणजे मी तीन आठवडे रोज रात्री कॉम्प्युटर नुसता झोपवत होते. "आठवड्यातून एकदा रीस्टार्ट," असं तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहिलंत. त्यानेही थोडा फरक पडला, पण खरं दुखणं दुसरीकडे होतं.

ते दुखणं त्याच पानावर समोर दिसत होतं आणि मला वाचता येत नव्हतं. सीपीयू ९ टक्के. डिस्क १०० टक्के. कितीही वेळ बघा, डिस्क १०० टक्केच. तुम्ही म्हणालात, "स्वयंपाकी हात धुऊन तयार आहे, बाजारातून सामान आणणाराच पोचत नाही." मग कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडलात. माझी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणारी, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्यात ते टोक इकडून तिकडे सरकायला आणखी ८-९. एका तुकड्यामागे १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला फार तर ७५-८०. आणि कॉम्प्युटर सुरू होताना असेच हजारो बारके तुकडे हवे असतात! एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, म्हणून तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. कॅबिनेटमधून येणारी ती कर्रकर्र म्हणजे ते टोक बिचारं धावपळ करतंय, हे मला त्या दिवशी कळलं. मी तोवर तो पंख्याचा आवाज समजत होते.

तरीही तुम्ही लगेच "नवीन डिस्क आणा" म्हणाला नाहीत. "आधी फुकटातलं करू," म्हणालात. टास्क मॅनेजरचं स्टार्टअपचं पान उघडलंत. सतरा नावं! माझ्या परवानगीशिवाय सतराजण रोज सकाळी माझ्याआधी खुर्चीत येऊन बसत होते. कधीतरी एकदा झालेल्या मुलाखतीसाठी घेतलेला व्हिडिओ कॉलचा प्रोग्राम, कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा मदतनीस, गाणी ऐकायचं काहीतरी, आणि यादीत 'हाय इम्पॅक्ट' असा शेरा घेऊन बसलेला तो वेग दुप्पट करणारा महाभाग. सुरू होताना एक सेकंदाहून जास्त सीपीयू किंवा ३ एमबीहून जास्त डिस्क वापरली तर विंडोज 'हाय' म्हणतं, हेही तुम्हीच सांगितलंत. प्रत्येक नावावर थांबून तुम्ही मला विचारत होतात, "हे सकाळी उठल्या उठल्या लागतं का?" बारा वेळा मी नाही म्हटलं, बारांवर 'डिसेबल' केलं. काढून टाकलं नाही, फक्त आपणहून सुरू होणं बंद केलं; लागेल तेव्हा ते उघडतातच. ज्या दोन नावांचा अर्थ तुम्हालाही लागला नाही, त्यांना तुम्ही हात लावू दिला नाहीत. अँटिव्हायरस मात्र दोन निघाले, एक मी घेतलेला आणि एक कशाबरोबर तरी आलेला. उघडणारी प्रत्येक फाइल दोघंही तपासत होते. एकाला निरोप दिला.

रीस्टार्ट करून परत घड्याळ लावलं. ६:४० चे ४:१५ झाले. एक पैसा खर्च न करता.

मध्ये मी माझं ज्ञान पाजळलं: खिडक्या सरकण्याचे ते दिखाऊ परिणाम बंद करू या, मी कुठेतरी वाचलंय. "करा की," म्हणालात. केलं, मोजलं, फरक शून्य. तुम्ही काही बोलला नाहीत, कागदावर ४:१५ खाली परत ४:१५ लिहिलंत. त्याच बैठकीत टेम्प आणि प्रीफेच हे दोन्ही फोल्डर रिकामे करायचा माझा बेतही तुम्ही अर्धा मान्य केलात. टेम्पमध्ये तात्पुरत्या फाइली असतात, ते चालेल, पण प्रीफेचमध्ये विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हायच्या खुणा ठेवतं, ते पुसलं तर उलट उशीरच होतो.

रॅमचं, म्हणजे चालू काम मांडून ठेवायच्या तात्पुरत्या जागेचं, थोडक्यात सांगते. माझी ४ जीबी होती, आणि माझी ब्राउझरमध्ये तीस-तीस टॅब उघडी ठेवायची सवय. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि डिस्क तर आधीच धापा टाकतेय. ४ जीबीची आणखी एक पट्टी बसवली. रॅमच्या पट्ट्यांच्या पिढ्या असतात, डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळ्या ठिकाणी असते, म्हणून आधीची पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचूनच मागवायची, हे तुम्ही बजावलं होतंत. टॅबचं तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण बघत होतात. आता दहाच्या वर नेत नाही.

एसएसडीचा निर्णय शेवटी एका दुसऱ्याच कारणाने झाला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, ती वाचणारा एक छोटा प्रोग्राम तुम्ही चालवलात. खराब झालेल्या जागा बदलून दिल्याची संख्या त्यात शून्य नव्हती, आणि पुढच्या रविवारी ती आणखी वाढलेली होती. तुमचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा गंभीर झाला. "वेगाचं नंतर. आधी कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवा. आज, आत्ता." काका, नऊ वर्षांचं काम होतं हो त्यात, आणि मी ते दुसरीकडे कुठेही ठेवलेलं नव्हतं. इतके दिवस मी डिस्कला संथ म्हणून शिव्या देत होते, आणि ती बिचारी आजारी होती.

कॅबिनेट उघडलं तो प्रसंग मी विसरणार नाही. प्लग काढून, बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिलीत. मला आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायला सांगितलंत, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून. आत सीपीयूवरच्या पंख्याखाली धुळीची अक्षरशः गादी झाली होती, राखाडी, बोटाने उचलली तर अख्खी चकती निघाली. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला तो आपला वेग कमी करतो, तेव्हा ही गादीही थोडीफार गुन्हेगार होतीच. हवा मारताना पंखा गरगर फिरू नये म्हणून तुम्ही त्याच्या पात्यात माझी लाल पेन्सिल अडकवलीत. प्रूफं तपासायची पेन्सिल अशीही उपयोगी पडते!

जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर घ्यायला दोन तास गेले. ५०० जीबीच्या डिस्कवर माझं सामान जेमतेम १७० जीबी होतं, त्यामुळे २४० च्या एसएसडीत ते मावून जागाही उरली. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क पूर्ण सोडवून ठेवलीत, म्हणजे कॉम्प्युटरचा दोघींत घोटाळा नको. आणि बटण मला दाबायला लावलंत. मी सवयीने उठायला लागले. तुम्ही म्हणालात, "बसा." खुर्ची मागे सरेपर्यंत डेस्कटॉप आला होता. फाइल उघडून कर्सर हलेपर्यंत २६ सेकंद. तुम्ही कागदावर आकडा लिहिलात, खाली दोन रेघा मारल्यात, गणिताचं उत्तर आल्यावर मारतात तशा.

उत्साहात मी म्हटलं, आता दर शनिवारी डीफ्रॅग करीन, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावीन. त्यावर तुम्ही दोन्ही हात जोडलेत. डीफ्रॅग फिरणाऱ्या डिस्कसाठी. एसएसडीची निगा विंडोज आपल्या वेळापत्रकाने ठेवतं. मी फक्त ती गच्च भरू द्यायची नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, तिच्याबद्दल वेगळे आभार. वेग वाढला तरी मशीन जुनंच आहे, माझा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढे काय करायचं हा प्रश्न एसएसडीने सुटत नाही, हे दुसऱ्या कुणी असतं तर त्या आनंदाच्या क्षणी बोललंच नसतं. बँकेचे व्यवहार मी त्या मशीनवरून बंद केलेत. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सबद्दल तुम्ही म्हणाला होतात, ते बसून एकदा बघू.

तो पाठकोरा कागद मी कॅबिनेटच्या पत्र्यावर आतून चिकटवलाय. जुनी डिस्क तुम्ही सांगितल्याप्रमाणे साठवणीलाही वापरत नाही, खणात पडून आहे. कर्रकर्र ऐकू येत नाही त्यामुळे अजूनही कधीकधी वाटतं की कॉम्प्युटर बंदच आहे.

तुमचा छोटा स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडेच राहिलाय, रविवारी वर आणून देते. टेबलाखाली झाडताना एक स्क्रूही सापडला. काळा, आखूड, रुंद डोक्याचा. कॅबिनेट तर घट्ट बसलेलं दिसतंय. हा कुठला, ते तेवढं सांगा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची