‘चाकरमानी’ आमचाच

संपादक महोदय,

२०२५च्या गणेशोत्सवाआधी सरकारने मुंबईहून सणाला गावी येणाऱ्या कोकणी माणसाला ‘चाकरमानी’ऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणायचे ठरवले. त्यावरून आमच्या घरात गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधताना पेटलेला वाद अजून विझलेला नाही. पुतण्या म्हणतो, चाकर म्हणजे नोकर. हा शब्द आम्हाला कमीपणा आणतो. त्याचे दुखणे खरे आहे. फारसीतून आलेल्या ‘चाकर’चा अर्थ तोच. पण गिरणगावातल्या खोल्यांत दाटीवाटीने राहून ज्यांनी महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डरी धाडल्या, त्यांच्या घामाने ‘चाकरमानी’चा अर्थ पालटला. एसटी थांबली की माझी आजी पदराला हात पुसत खळ्यात, म्हणजे अंगणात, यायची, ‘माझो चाकरमानी इलो गो!’ त्या हाकेत नोकर कुठे होता? शिवाय कोकणवासीय तर मीही आहे, बारा महिने इथेच राहतो. मग मुंबईहून येणाऱ्याला वेगळे काय म्हणायचे?

पुतण्याला विचारले, राग शब्दाचा, की कुणी हिणवल्याचा? तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, ‘दोन्हीचा.’

सरकारने कागदावर हवे ते लिहावे. आमच्या खळ्यातला शब्द आम्ही सोडणार नाही.

– एक वाचक, मालवण