‘मी दमली, बसू जरा’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचेल ते ठाऊक नाही. सातपुड्यातल्या तोरणमाळचं, नाहीतर खाली म्हसावद-शहाद्याकडचं कुणी वाचत असेल आणि तुम्हाला ओळखत असेल, तर त्याने एवढं वाचून दाखवावं. तुमच्या पावरी बोलीत सांगितलं तर आणखी चांगलं. तुमचं नाव आईने तिथेच विचारून घेतलं होतं, ते तिला पाठ आहे. पण तुम्हाला न विचारता चारचौघांत मांडणं मला बरं वाटत नाही. ओळख पटायला एवढं पुरे: श्रावणातला दिवस, यशवंत तलावाच्या वरचं टेकाड, भरदुपारी अंधारून आलेलं, आणि डोक्यावर ओल्या गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या तुम्ही. समोर आम्ही. गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई, मी, माझा भाऊ आणि चिंब भिजलेली दोन पोरं.

आम्ही चोपड्याचे. आईच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून ती तो बघते आहे. वर मात्र कधी गेली नव्हती. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, घरातलं पाणीसुद्धा तापतं, तेव्हा पदराने वारा घेत म्हणायची, “त्या डोंगरावर म्हणे गारवा राहतो.” म्हणून यंदा पावसाळ्यात तिला तोरणमाळला न्यायचंच असं भावाने ठरवलं. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याचे खड्डे (त्यांच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल) शहाद्यापर्यंत सोसले. तिथून पुढे म्हसावद, लक्कडकोट, काळापाणी आणि सात पायरीचा घाट. घाटात आईने नागार्जुनाला हात जोडले. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी माणसं पार गुजरातेतून, मध्य प्रदेशातून पायी चढून येतात, हे तिने ऐकलेलं होतं. आपण गाडीत बसून आलो याची तिला जरा लाजच वाटत होती. म्हणून वर पोचल्यावर म्हणाली, तलाव तरी मी पायी बघणार.

भाड्याच्या जीपवाल्याने आम्हाला तलावाशी सोडलं. “तुम्ही निवांत फिरा, मी पलीकडच्या टोकाला थांबतो,” म्हणाला आणि गेला तो गेलाच. दुसरं भाडं मिळालं असणार. तलावाचं पाणी दिसलं तेही घटकाभर. टेकाडावरून आणखी छान दिसतं म्हणून पोरं वर धावली, त्यांच्यामागे आम्ही चढलो आणि ढग खाली उतरले. भाऊ पोरांना समजावत होता, पावसाळी वारं डोंगराला अडलं की वर चढतं, वर गेलं की गार होतं आणि त्यातल्या वाफेचं असं धुकं होतं. साडेअकराशे मीटरांच्या आसपास उंची आहे या माळाची, ढग आपल्या घरात येणारच. समजावता समजावता तो स्वतःच दिसेनासा झाला. मोबाईलला रेंज नाही. आई म्हणाली, “ही धुई नाही बाई, ही तर भिंत.”

तुमच्या आधी आम्हाला दोघे भेटले होते, तेही सांगते. एक मोठी गाडी आली, आत चार-पाच तरुण. काच चार बोटं खाली झाली, “सरळ जा, सरळ,” आणि काच वर. सरळ म्हणजे कुठे, हे त्या काचेला विचारायचं राहून गेलं. दुसरे एक छत्रीवाले गृहस्थ. चांगले शिकलेले वाटत होते. आईकडे पायापासून डोक्यापर्यंत बघून मला म्हणाले, “अशा म्हाताऱ्या माणसांना कशाला आणायचं अशा ठिकाणी?” आणि पुढे गेले. रस्ता त्यांना माहीत होता, कारण ते भराभर चालत होते. आईने ते ऐकलं. ती एका दगडावर बसली आणि तिचं ते ठरलेलं वाक्य बोलली, “तुम्ही व्हा पुढे, मी बसते इथं.”

ताई, या वाक्याचं आम्हाला भय वाटतं. गुडघे गेल्यापासून ती लग्नाच्या मांडवात जात नाही, नदीवर जात नाही, देवळाच्या पायऱ्या आल्या की चपलांजवळ बसते. पाय दुखतात म्हणून नव्हे. आपल्यामुळे चार माणसं खोळंबतात, हे तिला खपत नाही. हात धरायला गेलं तर झटकून टाकते. एसटीत चढताना कंडक्टर ओरडतो, “आजी, आवरा, सगळी गाडी थांबलीये तुमच्यासाठी!” रांगेत मागचं कुणीतरी ‘च्यक’ करतं. ती ते सगळं साठवते आणि पुढच्या वेळी घरीच थांबते.

मग तुम्ही आलात. गावाकडची वाट विचारली. तुम्ही बोटाने दाखवली नाही. भारा उतरवून एका झाडाखाली ठेवलात, “राहू दे इथं, कोण नेतं,” म्हणालात आणि आमच्याबरोबर निघालात. धुक्यात डोळे नाही, कान लावायचे हे मला तेव्हा कळलं. सीताखाईच्या दरीतल्या पाण्याचा आवाज पाठीवर राहू द्यायचा, एवढं एकच तुम्ही भावाला सांगितलंत आणि त्याला पुढे चालायला लावलंत. तुम्ही स्वतः आईच्या शेजारून. पुढून नाही, मागून नाही.

थोडं अंतर गेल्यावर आईचा श्वास लागला. मी ओळखलं, आता ती बसते म्हणणार. तिने तोंड उघडायच्या आधी तुम्हीच खाली टेकलात. “मी दमली. बसू जरा.”

आई लगेच बसली. इतकी मोकळेपणाने बसलेली मी तिला घराबाहेर कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. वर तुम्हालाच म्हणाली, “बस बाई, बस. घाई काय आहे?” तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नव्हतात. धुक्यात कुठेतरी बघत, पोत्याची खोळ सारखी करत बसला होतात. पुन्हा चाललो. पुन्हा तिचा वेग मंदावला. या वेळी तुमच्या पायात काटा गेला. तुम्ही पाय मांडीवर घेऊन बराच वेळ तो काढत राहिलात. मग कुंपणावर कटुर्ल्याचा, म्हणजे करटोल्याचा, वेल दिसला, तो आईला दाखवायलाच हवा होता. तिला तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे याची भाजी कशी करतात, कांदा घालतात का. आईने दगडाला पाठ टेकून सगळी कृती सांगितली, शेंगदाण्याच्या कुटासकट. ती तुम्हाला येत नसेल, यावर माझा विश्वास नाही.

माझी लेक लहान असली तरी लबाड आहे. काट्याच्या वेळी ती तुमच्या पायाशी वाकून बघत होती. चालता चालता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आई, काटा नव्हताच.” मी तिला डोळ्यांनी दटावलं.

गावातली घरं दिसायला लागली तेव्हा भावाने खिशात हात घातला. तुम्ही हसून मान हलवलीत आणि त्याऐवजी आईने पुढे केलेल्या दशम्या घेतल्यात, चटणीचा डबाही घेतलात. बरं वाटलं. काहीच घेतलं नसतं तर आई रात्रभर तेच बोलत बसली असती. मग तुम्ही वळलात आणि ज्या चढावर तुम्हाला इतका दम लागत होता तो चढ, मध्ये एकदाही न थांबता, धुक्यात दिसेनाशा होईपर्यंत चढून गेलात. पायात चप्पल नाही.

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. जीपवाला संध्याकाळी उगवला, भावाशी त्याची जी व्हायची ती वादावादी झाली, आम्ही घरी आलो.

हे सगळं मी ओळखीच्यांना सांगते तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, “हो, आदिवासी माणसं भोळी असतात फार.” मला त्याचा राग येतो. भोळेपणा कसला? तुम्ही पाच मिनिटांत माझ्या आईला ओळखलंत. तिला रस्ता नको होता, आधाराचा हात तर मुळीच नको होता, तिला फक्त कुणाचं ओझं व्हायचं नव्हतं. हे आम्हा पोटच्या पोरांना इतक्या वर्षांत नीट जमलेलं नाही. वाट दाखवायला पाय लागतात, पण दुसऱ्याला उपकार वाटू न देता तो करायचा, त्याला फार तल्लख डोकं लागतं. छत्रीवाल्या गृहस्थांना ते कुठल्या कॉलेजात शिकवलं नसावं. चांगुलपणाचे फलक आमच्याकडे चौकाचौकांत लागतात, फोटोसकट, नावासकट, दोन्ही हात जोडलेले. ब्लँकेट एक आणि ते धरायला हात दहा. तुम्ही तर मदत करताना स्वतःकडे कमीपणा घेतलात, दमलेली बाई झालात, आणि तेही एका अनोळखी म्हातारीसाठी.

आता आईची खबर. परवा शेजारच्या काकूंबरोबर ती मंदिरात गेली, पायऱ्या चढून. मधल्या कठड्यावर बसली आणि काकूंना म्हणाली, “तुम्हीपण बसा.” दिवाळीनंतर तिला पुन्हा तोरणमाळला यायचं आहे. तेव्हा धुकं नसेल, तलाव पुरता बघता येईल असं भावाचं म्हणणं. तिला तलावापेक्षा तुम्हालाच भेटायचं आहे. तुमच्यासाठी एक लुगडं घेऊन ठेवलं आहे. रंग तिने निवडला, माझं काही ऐकलं नाही.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. काट्याच्या जागी ती हसली. मला वाटत होतं, त्या वेळी तिच्या काही लक्षात आलं नसेल. शेवटी म्हणाली, माझा एवढा निरोप लिही, आणि अहिराणीतच लिही:

“तिले सांग, गुडघा बरा शे. अन् काटा निंघना का, ते इचार.”