श्रूजबरीच्या आजोबांना, आर्थर रोलीच्या कात्रणांबद्दल

आजोबा, सप्रेम नमस्कार.

पाकीट पोचलं. ईमेलवर दोन ओळींत 'थँक यू' कळवलं खरं, पण मन भरलं नाही. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर, माझ्या भाषेत. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत वेगळी पाठवतोय.

आर्थर रोली या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूवर लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, माहितीला काय तोटा! इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये 619 सामन्यांत 434 गोल. आजवर कुणाला गाठता आलेले नाहीत. पण एका संपादकांनी ऐकवलं, "खालच्या डिव्हिजनवाला कोण वाचणार? त्याच्या भावावर लिहा, तो तरी मँचेस्टर युनायटेडचा." जुने मॅच प्रोग्रॅम, म्हणजे सामन्याच्या छापील पुस्तिका, विकणाऱ्या एका गृहस्थांनी माझा प्रश्न संपायच्या आत दर सांगितला. एका संग्रहालयानं फॉर्म भरून घेतला, मग सामसूम. यांना तरी काय बोलायचं? इंग्लंडच्या निवड समितीनंच या माणसाला मुख्य संघातून एकदाही खेळवलं नाही.

तुम्ही मात्र मी कोण, कुठला, हेसुद्धा न विचारता वडिलांचं कात्रणांचं खोकं माळ्यावरून काढलंत. वडिलांनी कात्री चालवताना रोलीचं नाव तेवढं बघितलेलं. बातमीची शेपटी कुठे अर्धी, कुठे गायबच. झेरॉक्स काढून तशीच पाठवली असतीत तरी मी खूश होतो. पण तुम्ही लायब्ररीत बसून ते जुने अंक शोधलेत आणि तुटलेल्या ओळी पेन्सिलीनं समासात उतरवून दिल्यात. जिथे ओळ सापडली नाही तिथे नुसती रेघ. त्या रेघांवर मी किती वेळ बोट फिरवत बसलो होतो! इतके सामने डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला अंदाजानं भरायला काय लागत होतं? ही सचोटी हल्ली पगार घेऊन लिहिणाऱ्यांतही दिसत नाही.

त्या कात्रणांमुळे माझा रोली आकड्यांतून बाहेर आला. लेस्टर क्लबसाठी लीगमध्ये 251 गोल करून 1958 साली तो तुमच्या गावच्या क्लबात खेळाडू-मॅनेजर म्हणून आला, तेव्हा बत्तीस वर्षांचा. तुमचा संघ खेळायचा ती चौथी, म्हणजे लीगची सगळ्यात खालची डिव्हिजन त्याच वर्षी सुरू झालेली. अंगानं भरलेला, पण डाव्या पायाचा तडाखा असा की पहिल्याच हंगामात 38 गोल आणि संघ वरच्या डिव्हिजनमध्ये! 1961 साली त्यानं डिक्सी डीन या त्याच्या आधीच्या गोलवीराचा 379 लीग गोलांचा विक्रमही मागे टाकला. फुटबॉलपटूला आठवड्याला 20 पौंडांहून जास्त पगार द्यायचा नाही, ही मर्यादा उठली त्याच वर्षीच्या जानेवारीत. तोवर गडी पस्तिशीला टेकलेला. आजच्या एजंटांना हे सांगितलं तर हसतील.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या क्लबचं जुनं गे मेडो मैदान सेव्हर्न नदीला खेटून होतं, म्हणून पाण्यात गेलेला चेंडू फ्रेड डेव्हिस नावाचा गृहस्थ टोपलीसारख्या गोल होडीतून काढून आणायचा, एवढं चिठ्ठीत लिहून तुम्ही थांबलात. रोलीनं मारलेला एखादा चेंडू असा नदीत गेलेला तुम्हाला आठवतो का? सवडीनं कळवा. आणि टपालाचा खर्च किती झाला, तेही या वेळी सांगाच.

तुमचा ऋणी,
एक मराठी वाचक